ऐंशी रुपयांचं कर्ज आणि विकता न येणारी मालकी

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी उडदाचे पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपये. आज त्या उद्योगात सुमारे ४५ हजार स्त्रिया आहेत, ८० हून अधिक शाखा आहेत, आणि २०१९ च्या सुमारास वर्षाची उलाढाल १,६०० कोटी रुपयांच्या घरात पोचली होती. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड हे या संस्थेचं पूर्ण नाव.

आपल्याकडे ही हकीकत बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, पण जिद्दीची माणसं बुडालेल्या धंद्यांतही असतात. मला या प्रकरणात दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एका इमारतीत राहणाऱ्या सात जणी एकमेकींना ओळखतात, एकमेकींच्या स्वयंपाकघरात जातात. तिथे सचोटी सांभाळायला वेगळी व्यवस्था लागत नाही. माणसं हजारांनी वाढली, शाखा परराज्यांत गेल्या, नाव घराघरांत पोचलं, बँकेत पैसा आला, की मालकी हळूहळू वर सरकते आणि काम करणारे हात खाली राहतात. सहा दशकांत लिज्जतमध्ये तसं का झालं नाही?

मला सापडतं ते उत्तर असं: हात रिकामे होते त्या काळातच या बायकांनी काही सोप्या मिळकतींना नाही म्हटलं, आणि पुढे ते नकार कायदेशीर रचनेत आणि रोजच्या कामाच्या पद्धतीत बसवून टाकले. म्हणून ते कुणा एकीच्या चांगुलपणावर अवलंबून राहिले नाहीत.

पैसे देणारा बाहेरच राहिला

ते ८० रुपये दिले छगनलाल करमसी पारेख यांनी. लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते. पैसे देणगी म्हणून देणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ते कर्जाऊ दिले, आणि सांगितलं की हा धंदा आहे, तो धंद्यासारखा चालवा, हिशेब नीट ठेवा. बायकांनीही ठरवलं की तोटा झाला तरी कुणाकडून देणगी घ्यायची नाही.

हा निर्णय स्वाभिमानाचा होताच. पण धंद्याच्या नजरेनेही तो मोलाचा होता. देणगीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत हिशेबाची धार बोथट होते, कारण तूट भरून काढणारा कुणीतरी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय देणारा नकळत शब्द टाकू लागतो. अमक्याच्या भाचीला घ्या, तमक्या समारंभाला या. कर्ज फेडलं की संपतं, उपकार मात्र मागे रेंगाळतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट छगनबाप्पांच्या वागण्यात आहे. पुढची अनेक वर्षं ते आणि त्यांच्याच सल्ल्याने चालणारे पुरुषोत्तम दामोदर दत्तानी या उद्योगाला वाट दाखवत राहिले. विक्री, जमाखर्च, विस्तार, सगळ्यात त्यांचं लक्ष होतं. पण सदस्य फक्त स्त्रियाच होऊ शकतात हा नियम कायम राहिला. पुरुष हिशेबनीस, वाहनचालक किंवा मदतनीस म्हणून पगारावर असतील; मालकीत नाहीत. म्हणजे ज्यांच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन होतं, त्यांचं नाव मालकांच्या यादीत कधीच येऊ शकत नव्हतं. नैतिक नेतृत्वावर व्याख्यानं पुष्कळ होतात. स्वतःला वाटा मिळणार नाही अशी रचना उभी राहू देणं आणि तरी तिच्यासाठी राबणं, हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

एकच प्रत

सुरुवातीच्या दिवसांत बायका दोन प्रतींचे पापड करत. एक चांगला, आणि एक जरा हलका, स्वस्त. गिरगाव-भुलेश्वरच्या मध्यमवर्गीय वस्तीत स्वस्त पापड झटपट खपला असता. छगनबाप्पांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा, उत्तम, आणि तिच्याशी तडजोड करू नका. बायकांनी ते ऐकलं.

विपणनाच्या वर्गात याला ब्रँडची विश्वासार्हता म्हणतील, आणि ते खरंच आहे. पण या निर्णयाचा दुसरा परिणाम मला जास्त मोठा वाटतो. दोन प्रती चालू राहिल्या असत्या तर शाखेत रोज सकाळी एक प्रश्न उभा राहिला असता: चांगल्या प्रतीचं पीठ कुणाला आणि हलक्या प्रतीचं कुणाला? कुणाची मजुरी जास्त, कुणाची कमी? पापडाच्या दोन प्रती पडल्या की बायकांच्या दोन प्रती पडायला वेळ लागत नाही. कोण कुणाच्या नात्यातली, कोण कुठल्या समाजाची, हे सगळं त्या वाटपात शिरलं असतं. एकच पीठ, एकच माप, एकच दर ठेवल्याने भेदभावाला शिरायला जागाच उरली नाही. समतेचा नियम वेगळा लिहावा लागला नाही, तो मालाच्या प्रतीतूनच आला.

आज उडीद डाळ, हिंग, मिरी हा कच्चा माल केंद्राकडून खरेदी होऊन सगळ्या शाखांना जातो. डाळ बरीचशी म्यानमारहून, हिंग अफगाणिस्तानातून, मिरी केरळातून. एखाद्या शाखेने स्थानिक बाजारात स्वस्त डाळ मिळाली म्हणून ती वापरायची सोय नाही. पापड कुठल्या गावात लाटला हे खाणाऱ्याला चवीवरून कळू नये, हा त्यामागचा हेतू.

पहिल्याच वर्षी पावसाळ्याने चार महिने काम बंद पाडलं, कारण वाळवायला ऊन नव्हतं. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. काम सुरू राहिलं. तिसऱ्या वर्षी सदस्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. घरात आणि गच्चीत जागा पुरेना, तेव्हा भिजवलेलं पीठ बायकांनी घरी न्यायचं आणि लाटलेले पापड परत आणून द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. जागेच्या अडचणीतून निघालेली ही तोड पुढे संस्थेचा कणा ठरली. १९६२ साली स्पर्धा घेऊन 'लिज्जत' हे नाव निवडलं गेलं. ते सुचवणारीला बक्षीस मिळालं पाच रुपये.

मालकीचा कागद

१९६६ साली संस्थेची नोंदणी झाली ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली, आठ लाख रुपयांचं खेळतं भांडवल मिळालं आणि करांत काही सवलती मिळाल्या. आयोगाचे अध्यक्ष तेव्हा उ. न. ढेबर होते. हे नोंदवणं भाग आहे, कारण लिज्जतला सरकारी व्यवस्थेचा काहीच हातभार लागला नाही असा समज पसरलेला आहे. तो खरा नाही. मात्र ही मदत आली ती सात वर्षं स्वतःच्या हिमतीवर धंदा चालवून दाखवल्यावर. तोवर संस्थेची शिस्त पक्की झाली होती आणि आलेला पैसा त्या शिस्तीत सामावला.

नोंदणीचा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण प्रकरणाची गुरुकिल्ली इथेच आहे. खासगी कंपनी काढली असती तर समभाग आले असते. समभाग आले की ते विकता येतात, मुलांच्या नावे करता येतात, मोठ्या किमतीला बाहेरच्याला देता येतात. पहिल्या सात जणींच्या वारसांकडे आज प्रचंड संपत्ती असती आणि उरलेल्या हजारो जणी त्यांच्या नोकर असत्या. इथे विकायला काही नाहीच. जी लाटते ती सहमालक. नफ्यातला वाटा सगळ्यांना सारखा, मग ती तीस वर्षांपूर्वी आलेली असो की मागच्या वर्षी, पीठ मळणारी असो, पाकिटं भरणारी असो की शाखेची संचालिका असो. तोटा झाला तर तोही सगळ्यांचा.

आपल्या सहकारी साखर कारखान्यांशी ताडून पाहावं असं मला वाटतं. तिथेही सभासद मालक असतो, कागदावर. पण त्याचा कारखान्याशी मालक म्हणून संबंध येतो तो वार्षिक सभेला आणि निवडणुकीला. एरवी तो ऊस घालणारा आणि बिलाची वाट पाहणारा. मधल्या काळात संचालक मंडळ, तालुक्याचं राजकारण आणि बँक यांच्यात निर्णय होतात. महाराष्ट्रात कितीतरी कारखाने असेच सभासदांच्या हातून निसटले, अवसायनात गेले, विकले गेले. लिज्जतची सदस्य रोज सकाळी शाखेत येते. ती रोज माल देते, रोज पैसे घेते, रोज इतर मालकिणींना भेटते. वर्षातून एकदा आठवण होणारी मालकी आणि रोज सकाळी वापरली जाणारी मालकी यांच्या आयुष्यमानात फरक पडणारच.

सकाळचा शिरस्ता

संस्थेची संस्कृती कशी असते हे तिच्या भिंतीवरच्या ध्येयवाक्यांत शोधू नये, कामाच्या वेळापत्रकात शोधावं. लिज्जतच्या शाखेत पहाटेपासून पीठ मळण्याचं काम सुरू होतं. मुंबईत संस्थेच्या छोट्या बसगाड्या सदस्य भगिनींना घेऊन येतात. त्या आदल्या दिवशी घरी लाटून वाळवलेले पापड सोबत आणतात. ते तपासले जातात, वजन होतं, त्याप्रमाणे लाटण्याची मजुरी, म्हणजे वणाई, मिळते. मग नवीन पीठ घेऊन त्या घरी परततात. दुसऱ्या बाजूला तपासलेले पापड पाकिटांत भरले जातात.

या साध्या शिरस्त्यात तीन-चार गोष्टी एकदम घडतात. तपासणी लाटणारीच्या डोळ्यांसमोर होते, मागून कुणी काही कापत नाही. जाडी, गोलाई, वाळवण यांत काही चुकलं असेल तर त्याच वेळी कळतं. तपासणारी बाई स्वतः कधीतरी लाटायलाच बसलेली असते, त्यामुळे तिला फसवताही येत नाही आणि ती उगाच छळूही शकत नाही. आणि मेहनतीचा मोबदला महिन्याअखेरीपर्यंत अडकत नाही. ज्या घरात नवऱ्याचा पगार दहा तारखेला संपतो किंवा दारूत जातो, तिथे त्या पैशाचं मोल काय असतं हे वेगळं सांगायला नको.

सदस्य होण्याआधी प्रतिज्ञा घ्यावी लागते आणि घरही पाहिलं जातं. लाटायला स्वच्छ जागा आहे का, वाळवायला सोय आहे का. ज्या बाईची खोली त्या मापात बसत नाही तिला संस्थेतच पीठ मळणं, पाकिटं भरणं अशी दुसरी कामं असतात. संस्था व्यवसाय, कुटुंब आणि भक्ती या तीन कल्पनांवर आपण उभे आहोत असं सांगते. सभांमध्ये सर्वधर्म प्रार्थना होते. आजच्या व्यवस्थापनाच्या माणसाला ते भाबडं वाटण्याचा संभव आहे. मला ते अजिबात भाबडं वाटत नाही. वेगवेगळ्या जाती-धर्मांच्या बायका एका पिठातून भाग घेऊन जाणार असतील, तर सुरुवात एकत्र उभं राहून करणं हा पक्का व्यवहार आहे.

रोज वणाई द्यायची या नियमातून आणखी एक नकार निघाला. विक्री उधारीवर करायची नाही. वितरकाने माल घेतला की पैसे द्यायचे. किराणा व्यापारात हे किती अवघड आहे हे ज्याने दुकान पाहिलं आहे त्याला कळेल. दुकानदार नवा माल फळीवर ठेवतो तो उधारी मिळते म्हणून. उधारी नाकारणं म्हणजे काही फळ्या प्रतिस्पर्ध्याला सोडून देणं. पण उधारी दिली असती तर ती अखेर कुणाच्या खिशातून गेली असती? लाटणाऱ्या बाईच्या. 'या आठवड्यात वसुली झाली नाही, पुढच्या सोमवारी या' हे वाक्य एकदा शाखेत उच्चारलं गेलं असतं, तर सहमालक हा शब्द त्याच दिवशी पोकळ झाला असता. इथे वितरकाच्या सोयीपेक्षा बाईची रोजची मजुरी वरचढ मानली गेली, आणि त्याचा उलट फायदा असा झाला की संस्थेची येणी कधी थकली नाहीत. रोख पैशाचा प्रवाह हा टिकाऊपणाचा पाया असतो. तो इथे एका न्यायाच्या नियमामुळे घातला गेला.

लाटण्याचं यंत्रही आणलं नाही. डाळ दळणं, छपाई, वेष्टन यांसाठी संस्थेने स्वतःचे विभाग काढले, कपडे धुण्याचा 'ससा' साबण आणि पावडर बनवली, खाकरा आणि मसाले सुरू केले. पण पापड हातानेच लाटायचा हे ठरलेलं राहिलं, कारण पापड विकण्यासाठी बायका नेमलेल्या नाहीत. बायकांना काम मिळावं म्हणून पापड आहे. हा क्रम एकदा ध्यानात घेतला की बाकीचे निर्णय आपोआप उलगडतात.

सगळंच जमलं असंही नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. काडेपेट्या, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू यांत हात घालून पाहिला, तिथे यश आलं नाही. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातमध्ये वालोडला निघाली ती १९६८ साली, म्हणजे सुरुवातीनंतर नऊ वर्षांनी. निर्णय एकमताने घ्यायचे हा रिवाज असल्याने वेग मंदच राहिला. हा मंद वेग मला दोष वाटत नाही. ज्या धंद्यात एक वाईट हंगाम हजारो चुली विझवू शकतो, तिथे सगळ्या जणींना पटेपर्यंत थांबणं शहाणपणाचं आहे.

नेतृत्व पोळपाटावरून आलेलं

शाखेची संचालिका सदस्यांमधून येते. केंद्रीय कार्यकारिणीत २१ जणी असतात, त्याही लाटण्यापासून सुरुवात केलेल्या. अध्यक्ष राहिलेल्या ज्योती नाईक आणि नंतर स्वाती पराडकर यांची आडनावंच सांगतात की सात गुजराती गृहिणींनी सुरू केलेला उद्योग त्यांच्याच समाजापुरता उरला नाही. लोहाणा कुटुंबांतून आलेल्या संस्थापिकांनंतर सूत्रं मराठी बायकांकडे गेली आणि त्यासाठी कुठलंही बंड करावं लागलं नाही. वारसा रक्तातून जात नसेल तर तो कामातून जातो, आणि तेव्हा उत्तराधिकाराचा पेच पडत नाही. आपल्याकडचे किती घरंदाज उद्योग दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत भावाभावांच्या दाव्यांत अडकले, हे आठवलं की याचं महत्त्व पटतं.

मूळच्या सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. तो सन्मान मिळेपर्यंत देशातल्या कितीतरी लोकांना त्यांचं नावही माहीत नव्हतं. पापडाचं नाव आणि जाहिरातीतला ससा मात्र लहान मुलांनाही ठाऊक होता. एखादी संस्था संस्थापकाच्या चेहऱ्याशिवाय साठ वर्षं चालते, हे तिच्या रचनेचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र आहे असं मी मानतो.

जिथे अजून काम बाकी आहे

या प्रकरणाकडे केवळ कौतुकाने पाहणं मला पटत नाही, कारण ज्या बायकांबद्दल आपण बोलतो आहोत त्यांच्या हिताचे प्रश्न त्यात दबून जातात. वणाई लाटलेल्या वजनावर मिळते. बाई आजारी पडली, बाळंतीण झाली, मनगट किंवा पाठ धरली, तर लाटणं थांबतं आणि त्या दिवसांची वणाईही थांबते. पोळपाटाशी तासन्‌तास वाकून बसण्याने शरीरावर काय होतं, हे कुठल्याही मराठी घरात वैशाखात वाळवणं घालणाऱ्या आजीला विचारावं. ती तर वर्षातले आठ-दहा दिवस लाटते.

नोकर नसून मालक असणं हा मोठा मान आहे. पण नोकराला कायद्याने जे संरक्षण मिळतं, भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा, ते मालकाला आपणहून मिळत नाही. ते त्याने स्वतःच्या नफ्यातून स्वतःसाठी उभं करायचं असतं. काम घरी होत असल्याने ते घरकामात मिसळून जातं, आणि घरातल्या मुली, सुना यांचे हात त्यात किती लागतात याची मोजदाद कुठल्याच वजनकाट्यावर होत नाही. संस्थेने पुढे सदस्यत्वासाठी १८ वर्षं वयाची अट घातली.

आणि पुढची पिढी लाटायला येईल का, हाही प्रश्न आहेच. साठच्या दशकात गिरगावातल्या गृहिणीपुढे घराबाहेरच्या कामाचे पर्याय जवळपास नव्हते. आज तिच्या नातीपुढे आहेत, आणि ते असावेत हेच तर त्या आजीने लाटलेल्या पापडांनी साधलं. मुलांच्या शिष्यवृत्त्या, साक्षरता वर्ग यांवर संस्थेने पैसा खर्च केला आहे. शिकलेली मुलगी आईच्या पोळपाटाशी परतणार नाही, हे तेव्हाच ठरून गेलं होतं.

म्हणून आता नफ्याच्या वाटपात एक नवा विभाग यावा असं मला वाटतं: आजारपण, बाळंतपण आणि साठीनंतरच्या काळासाठी सामायिक निधी, ज्यात प्रत्येक शाखा आपल्या नफ्यातला ठरावीक भाग दरवर्षी टाकेल, आणि ज्यातून मिळणारी रक्कम किती वर्षं लाटलं यावर नाही तर गरजेवर ठरेल. त्यासाठी बाहेरच्या कुणाची परवानगी लागत नाही. भागधारक नाहीत, गुंतवणूकदार नाहीत. उद्या सकाळी पापड घेऊन शाखेत येणाऱ्या बायकांनी एकमताने हात वर केला की पुरे आहे.